मालक गेल्यावरची नांदी : ललितकलादर्शाची तीन आयुष्ये



१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत एक नाटक मंडळी उभी राहिली. मंडळीचे नाव ललितकलादर्श, मालकाचे नाव केशवराव भोसले, मालकाचे वय सतरा. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने हा मालक गेला. एकतीस वर्षे पुरी होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मंडळीचा मालक गेला, प्रमुख नट गेला, प्रमुख गायक गेला, ज्याच्या नावावर प्रेक्षक तिकीट काढत होते तो माणूस गेला. आणि हे सगळे एकाच देहात होते.

मंडळी मात्र गेली नाही. तिने दुसरा नायक उभा केला, नवे नाटक लावले आणि सोळा वर्षे रंगभूमी गाजवली. १९३७ साली तो दुसरा नायकही गेला. मग ती थांबली. पाच वर्षांनी, १९४२ साली, एका विशीतल्या मुलाने तिचे नाव पुन्हा फलकावर लावले आणि त्या नावाने नाट्यव्यवसायात पुढची कित्येक दशके पाहिली. माणसे गेल्यावर कलावंतांचा संच कशावर चालतो? आवाजावर? नावावर? की आणखी कशावर? या प्रश्नाचे मराठीतले सर्वांत भरघोस उत्तर ललितकलादर्शाच्या इतिहासात आहे. अलिबागच्या रसिकांपुढच्या आजच्या व्याख्यानाचा विषय तो इतिहास आहे.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे आजच्यासारखी प्रयोगापुरती जमणारी आणि प्रयोग संपला की आपापल्या घरी जाणारी माणसे नव्हेत. नट, पेटीवाले, सारंगिये, तबलजी, रंगपटातले आणि कपडेपटातले लोक, पडदे ओढणारे गडी, आचारी, शिकाऊ पोरे, शिवाय कित्येकांची कुटुंबे, असे मोठे बिऱ्हाड गावोगाव फिरे. मुक्काम पडला की भाड्याचे घर, एक पंगत, सकाळची तालीम, रात्रीचा खेळ. या सगळ्यांच्या पोटापाण्याचा भार एका गळ्यावर असे. तो गळा बसला तर खेळ रद्द, आणि कायमचा थांबला तर पन्नास चुली थंड. म्हणून नायकाच्या मृत्यूचे दुःख मंडळीत दोन प्रकारचे असे. एक आपल्या माणसाचे, दुसरे उद्याच्या भाकरीचे. दुसऱ्या दुःखाबद्दल नाट्येतिहासात फार कमी लिहिले गेले आहे, ही खेदाची गोष्ट आहे. गेलेल्या नटाच्या तानांची वर्णने पानेच्या पाने सापडतात. त्याच्या मागे आचाऱ्याचे काय झाले, हे सापडत नाही.

नायकाच्या मृत्यूच्या या परीक्षेला सर्वांत आधी बसली ती किर्लोस्कर नाटक मंडळी. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्यांनी ‘शाकुंतल’ रंगवले आणि मराठी संगीत नाटकाचा संसार सुरू झाला. १८८२ साली ‘सौभद्र’ आले. अण्णासाहेब नाटककार होते, दिग्दर्शक होते, स्वतः भूमिका करत आणि मालकही होते. २ नोव्हेंबर १८८५ रोजी ते गेले, तेव्हा वय अवघे बेचाळीस, मंडळीचे वय पाच. ‘रामराज्यवियोग’ हे त्यांचे तिसरे नाटक अपुरेच राहिले. तीन अंक झाले होते, पुढचे झालेच नाहीत.

मंडळी बुडाली का? नाही. कारण अण्णासाहेबांनी आपल्या मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. पहिली गोष्ट भाऊराव कोल्हटकर. बडोद्याहून आणलेला हा तरुण गायक प्रेक्षकांचा लाडका ‘भावड्या’ झालेला होता. दुसरी गोष्ट गोविंद बल्लाळ देवल. देवल नाटककार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण मंडळींच्या दृष्टीने त्यांचे मोल तालीम मास्तर म्हणून अधिक होते. शब्द कसा टाकायचा, पदाच्या आधीचे वाक्य कुठे थांबवायचे, कोणत्या ओळीवर मान वळवायची, हे सगळे त्यांच्याकडे जपलेले होते. नट बदलले तरी तालीम तीच राहिली. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊरावही गेले, अडतिसाव्या वर्षी. नानासाहेब जोगळेकर पुढे आले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा मंडळीत आला, त्यालाही देवलांची तालीम मिळाली, आणि त्याचे बालगंधर्व हे नाव किर्लोस्कर मंडळीच्या शकुंतलेतून महाराष्ट्रभर गेले. १९११ च्या मार्चमध्ये ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. जोगळेकर धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी जोगळेकरही गेले.

किर्लोस्कर मंडळीला मृत्यूने मारले नाही, हे इथे ठळकपणे सांगायला हवे. अण्णासाहेब गेले, ती चालली. भाऊराव गेले, ती चालली. जोगळेकर गेले, तरी ती चालली. तिला खरा धक्का बसला तो १९१३ साली, जेव्हा बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे मास्टर दीनानाथ किर्लोस्करांत आले, गाजले, आणि १९१८ साली त्यांनीही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. मेलेल्या नटाची जागा भरता येते. त्याच्या रिकाम्या जागेभोवती मंडळी एक होते. जिवंतपणी निघून गेलेल्याची जागा भरणे जड जाते, कारण तो समोरच्या गावात स्वतःचा तंबू ठोकून बसलेला असतो आणि निम्मे प्रेक्षक त्याच्याकडे गेलेले असतात.

आता केशवरावांकडे. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. वडील लवकर गेले. पोटासाठी हे पोर लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने त्याला नाव मिळाले. मग स्वतःची मंडळी काढायची उमेद. आज सतरा वर्षांचा मुलगा अकरावी-बारावीत असतो. त्या वयात केशवराव डझनांनी माणसांचे बिऱ्हाड घेऊन फिरत होते. त्यांचा आवाज उंच पट्टीचा, गाणे तडफेचे, चपळ तानांचे. शिकवायला रामकृष्णबुवा वझे. सावंतवाडीकडच्या या बुवांनी ग्वाल्हेरची गायकी मिळवण्यासाठी उपाशीपोटी हिंदुस्थान पायाखाली घातला होता. वझेबुवांचे नाव या व्याख्यानात पुन्हा येणार आहे, कारण ललितकलादर्शाच्या तिन्ही आयुष्यांना जोडणारा धागा तेच आहेत.

केशवरावांची दृष्टी गाण्यापुरती नव्हती. दर्शनी मखमली पडदा, कपडेपटाची शान, नेटके नेपथ्य यांवर त्यांनी पैसा ओतला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी नव्या लेखकांना दार उघडले. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनी केले. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ केले, हुंड्यावर बोलणारे. १९१९ साली ‘संन्याशाचा संसार’ केले, धर्मांतर आणि शुद्धी यांवर बोलणारे. शारदा आणि सुभद्रा यांच्यावर मंडळी आयुष्यभर जगू शकली असती. तरीही आजच्या प्रश्नावर आज लिहिणारा माणूस हाताशी हवा, हे मालकाने ओळखले होते. पुढे मंडळी वाचली ती या एका सवयीने.

८ जुलै १९२१ हा दिवस मराठी रंगभूमीला विसरता येणार नाही. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या, दोन मालक, दोन गळे एका रंगमंचावर. त्या रात्रीच्या आठवणी सांगणारी पिढी आता उरली नाही, पण तिच्या तोंडून ऐकलेल्यांची पिढी अजून आहे. केशवराव तेव्हा कीर्तीच्या ऐन शिखरावर होते. तीन महिनेही गेले नाहीत आणि ते गेले.

आता मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला. काय करायचे? तीन वाटा होत्या. गाशा गुंडाळायचा आणि ज्याने त्याने दुसऱ्या मंडळीत जायचे. बहुतेकांना हाच सल्ला मिळाला असता. केशवरावांसारखे गाणारा कोणी शोधायचा, त्याला त्यांचीच पदे त्यांच्याच ढंगात घोटायला लावायची आणि प्रेक्षकांना सांगायचे की केशवराव गेलेले नाहीत. तिसरी वाट सर्वांत अवघड होती. केशवराव गेले आहेत हे मान्य करायचे आणि तरीही पडदा वर करायचा.

धुरा आली व्यंकटेश बळवंत उर्फ बापूराव पेंढारकर यांच्याकडे. ते मंडळीतलेच, केशवरावांच्या जवळचे, वझेबुवांच्याच तालमीतले. वय तिशीच्या आतले. बापूरावांनी तिसरी वाट धरली. १९२२ साली, म्हणजे मालकाच्या मृत्यूला एक वर्ष होते न होते तोच, त्यांनी वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे कोरे करकरीत नाटक रंगभूमीवर आणले. पौराणिक कथा नाही, राजेरजवाडे नाहीत. असहकाराच्या चळवळीतून बाहेर पडत असलेला, वकिली, पैसा आणि सत्ता यांच्याकडे नव्या डोळ्यांनी पाहणारा समाज थेट रंगमंचावर आला.

या निवडीत केवढे शहाणपण होते! नव्या नाटकातल्या नायकाची भूमिका केशवरावांनी कधी केलीच नव्हती. त्यामुळे बापूरावांची तुलना करायला प्रेक्षकांपाशी माप नव्हते. पदे नवी, चाली नव्या, वेष साधा. ‘केशवराव हे पद असे म्हणत’ असे पहिल्या रांगेतला जुना रसिक म्हणू शकत नव्हता. बापूरावांनी धैर्यधराच्या किंवा ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’तल्या मृणालिनीच्या भूमिकेने सुरुवात केली असती तर दर रात्री त्यांना एका मृत माणसाशी जुगलबंदी करावी लागली असती, आणि मृत माणसाशी होणारी जुगलबंदी जिवंत माणूस कधीच जिंकत नाही.

नेपथ्यातही हेच झाले. चित्रकार पु. श्री. काळे मंडळीत होते. लोंबणाऱ्या रंगवलेल्या पडद्यांच्या जागी त्यांनी खरी वाटणारी खोली उभी केली. दारे उघडणारी, खिडक्या असणारी. (काळ्यांनी पुढे ‘ललितकलेच्या सहवासात’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले. मंडळीच्या आतल्या बाजूने लिहिलेली अशी पुस्तके मराठीत थोडी आहेत. नाट्यवेड्या माणसाने ते शोधून वाचावे.) म्हणजे नायक नवा, नाटक नवे आणि घरही नवे. जुने काय राहिले? वझेबुवा राहिले, वरेरकर राहिले, काळे राहिले, पडद्यामागची माणसे राहिली, शिस्त राहिली आणि नाव राहिले. प्रेक्षकांना समोर दिसणारे सगळे बदलले आणि मागचे जवळजवळ काहीच बदलले नाही. ललितकलादर्श टिकल्याचे मर्म इथे आहे.

१९२३ साली ‘तुरुंगाच्या दारात’ आले, विषय अस्पृश्यता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून चार वर्षे होती. रायगड जिल्ह्याच्या याच भूमीवर १९२७ साली जे घडले, त्याआधी एक व्यावसायिक मंडळी तिकीट लावून हा प्रश्न मांडत होती, ही गोष्ट रायगडकरांनी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३२ साली ‘सोन्याचा कळस’ आले, गिरणीतल्या संघर्षावर. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा कोकणातली हजारो माणसे राबत होती. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा इथून बोटीने गेलेले गडी गिरणगावच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होते. संगीत रंगभूमी म्हणजे भरजरी शालू आणि तीन तासांची गाणी, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी बापूरावांच्या काळातल्या या नाटकांची यादी एकदा तरी पाहावी.

मग बोलपट आला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि त्यात गोविंदराव टेंबे होते, म्हणजे नाटकाचाच माणूस. नाटकगृहांची चित्रगृहे होऊ लागली. मालकाला दर रात्री बिऱ्हाड पोसण्यापेक्षा डबा आणून यंत्र फिरवणे परवडू लागले. बळवंत मंडळी मोडली. बालगंधर्व स्वतः १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर गेले. या पुरात बापूराव उभे होते. १५ मार्च १९३७ रोजी ते गेले, पंचेचाळिशीही गाठली नव्हती. या वेळी मंडळी थांबली. नायक आधीही गेला होता. या वेळी नायकाबरोबर मुक्कामाची नाटकगृहे गेली, शिकाऊ पोरे गेली, रात्रभर जागणारा प्रेक्षक गेला. पायाच राहिला नाही.

इथे क्षणभर थांबून दूर पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, जॉर्जिया आणि फ्लोरिडा या भागात, १९७० च्या आसपास एक संगीत जन्माला आले. कृष्णवर्णीयांचे ब्लूज, गोऱ्या शेतकऱ्यांची कंट्री गाणी आणि रॉकचा दणका यांचे ते मिश्रण. त्याला सदर्न रॉक म्हणतात. त्यातल्या दोन मोठ्या बँडांवर काळाने घाला घातला, आणि दोघांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

पहिला ऑलमन ब्रदर्स बँड. त्याचा अग्रणी गिटारवादक ड्युएन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मोटारसायकलच्या अपघातात गेला, वय चोवीस. एक वर्षाने, ११ नोव्हेंबर १९७२ रोजी, बास वाजवणारा बेरी ओकली तसाच मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याचेही वय चोवीसच. ड्युएनच्या जागी बँडने दुसरा गिटारवादक आणला का? नाही. त्यांनी पियानो वाजवणारा चक लेव्हेल हा तरुण घेतला. दोन गिटारींच्या जुगलबंदीवर उभा असलेला बँड गिटार आणि पियानो यांच्या संवादावर उभा राहिला, आणि १९७३ सालचा त्यांचा ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ हा अल्बम अमाप खपला. बापूरावांनी पन्नास वर्षे आधी केले तेच हे: रिकाम्या जागेत तिथे नसलेली वस्तू आणून ठेवायची. पुढे या बँडने गिटारवादकांची नवी पिढीही घडवली. त्यातला डेरेक ट्रक्स हा बँडच्याच ड्रमवादकाचा पुतण्या. भांडणे, फुटणे, पुन्हा जमणे असे सगळे होऊन २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा पाडला.

दुसरा लिनर्ड स्किनर्ड. २० ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांचे विमान मिसिसिपीच्या रानात कोसळले. गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची बहीण, सहगायिका कॅसी गेन्स, तिघेही गेले. बँड बंद झाला. दहा वर्षांनी, १९८७ साली, वाचलेले पुन्हा जमले आणि गायक म्हणून आला रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी. सुरुवातीच्या त्या दौऱ्यात ‘फ्री बर्ड’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे ते नुसतेच वाजवत, गात नसत. रॉनीची जागा मोकळी सोडत. श्रद्धांजली म्हणून ही गोष्ट हृदयाला भिडणारी आहे. पण मंडळी म्हणून? नावाच्या हक्कावरून गेलेल्यांच्या कुटुंबीयांशी कोर्टाची पायरी चढावी लागली. प्रेक्षक येत राहिले ते बहुतेक जुन्या गाण्यांसाठी. ५ मार्च २०२३ रोजी गॅरी रॉसिंग्टन हा मूळ संस्थापकांपैकी शेवटचा सदस्य गेला. तरीही बँडने कार्यक्रम थांबवले नाहीत. ज्यांनी स्थापना केली त्यांच्यातले कोणीही मंचावर नसलेला हा बँड त्यांचीच गाणी वाजवतो आहे.

दोन्ही वाटांना कमी लेखण्याचे कारण नाही. गेलेल्या भावाची गाणी भावाने गावीत आणि हजारोंनी ती ऐकत उभे राहावे, यात मोठी माया आहे. पण स्मरण आणि निर्मिती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्मरणावर मंडळी चालते, वाढत मात्र नाही. गंधर्व मंडळीकडे पाहिले की हेच दिसते. बालगंधर्वांच्या गळ्याला मराठी माणसाने दिलेले प्रेम दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले नाही. पण त्या मंडळीत गंधर्वांनंतर कोण, या प्रश्नाला उत्तर तयार झाले नाही. त्यांचे वय वाढत गेले, आणि मंडळी त्यांच्या वयाबरोबर थकत गेली.

आता तिसरे आयुष्य. बापूराव गेले तेव्हा त्यांचा मुलगा भालचंद्र पंधरा वर्षांचा होता. जन्म २५ नोव्हेंबर १९२१, म्हणजे केशवराव गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आतला. त्यालाही गाणे शिकवले वझेबुवांनी. एकाच गुरूने एका मंडळीच्या तीन नायकांना शिकवावे, आधी केशवरावांना, मग बापूरावांना, मग भालचंद्रांना, असे उदाहरण संगीत रंगभूमीवर विरळच. वझेबुवा १९४५ साली गेले. तोवर त्यांनी हातचे राखून न ठेवता विद्या पुढच्या हाती दिली होती.

१९४२ साली भालचंद्र पेंढारकरांनी ललितकलादर्श पुन्हा उभे केले ते ‘सत्तेचे गुलाम’ या वडिलांच्याच नाटकाने. हे स्वाभाविक होते. नाव परत उभे करायचे तर लोकांना ओळखीची खूण द्यावी लागते. पण मंडळी त्या खुणेपाशी रेंगाळली नाही. १९५७ साली बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’ आले आणि घराघरांतल्या बायका डोळे पुसत नाटकगृहाबाहेर पडू लागल्या. १९६० साली विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ आले. गोखले वृत्तपत्रातले, पुढे लोकसत्ताचे संपादक झाले. संस्कृत आणि उर्दू दोन्हींचे वेड असलेला माणूस. संगीत वसंत देसाईंचे, म्हणजे बोलपटात नाव कमावलेल्या माणसाचे. ज्या बोलपटाने वडिलांच्या पिढीची नाटकगृहे हिसकावली, त्याच बोलपटातला संगीतकार मुलाने नाटकात आणला. १९६६ साली याच जोडीचे ‘जय जय गौरीशंकर’ आले. संगीत नाटक संपले असे छापून येत होते त्याच वर्षांत ही नाटके मुंबईपासून गोव्यापर्यंत प्रयोगांमागून प्रयोग करत होती.

व्यवस्थाही बदलली होती. आता फिरते बिऱ्हाड नव्हते. नट नोकरी सांभाळून येत. प्रयोग तीन तासांत संपे, कारण शेवटची लोकल गाठायची असे. भालचंद्र उर्फ अण्णा पेंढारकरांच्या वक्तशीरपणाच्या कथा नाट्यवर्तुळात अजून सांगतात: तिसरी घंटा म्हणजे तिसरी घंटा. जुन्या मंडळीची शिस्त त्यांनी नव्या घड्याळाला लावली. दुसरा त्यांचा ध्यास ध्वनिमुद्रणाचा. स्वतःचीच नव्हेत तर इतरांचीही नाटके त्यांनी वर्षानुवर्षे टेपवर घेतली. ज्याच्या मंडळीतला एक आवाज जवळजवळ काहीच मागे न ठेवता १९२१ साली गेला आणि दुसरा १९३७ साली, त्याला आवाज जपण्याचे मोल कळले नसते तरच नवल.

अलिबागच्या या किनाऱ्याचे काय? मंडळ्यांचे मुख्य मुक्काम आगगाडीच्या रुळांवर असत: हुबळी, बेळगाव, मिरज, कोल्हापूर, पुणे, मुंबई. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या (रायगड हे नाव १९८१ पासूनचे) या किनारपट्टीला रूळ नव्हते. इथे संगीत नाटक आले ते मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या तोंडून, तबकड्यांतून आणि उत्सवातून. चौल, रेवदंडा, नागाव, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात देवळापुढच्या मांडवात गावकऱ्यांनी नाटके उभी केली. त्या हौशी संचांपुढेही मोठ्या मंडळ्यांचाच प्रश्न असे. पेटी वाजवणारे गुरुजी वारले, स्त्रीपार्टी करणारा पोरगा मुंबईला लागला, प्रॉम्प्टिंग करणाऱ्या आजोबांना दिसेनासे झाले. मग काय? जिथे गुरुजींनी दोन पोरांना पेटी शिकवली होती तिथे पुढल्या वर्षी नाटक झाले. जिथे शिकवली नव्हती तिथे मांडवात पडदा बांधून सिनेमा लागला. ललितकलादर्शाचा इतिहास या गावांच्या इतिहासाहून फार वेगळा नाही. आकार मोठा, एवढेच.

वास्तूंवरही आघात होतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अलिबागकरांना ही वेदना समजावून सांगायला नको. २०२२ च्या जूनमध्ये इथल्या पीएनपी नाट्यगृहाला लागलेली आग या सभागृहातल्या अनेकांनी पाहिली आहे. भिंती पुन्हा बांधता येतात आणि त्या बांधल्याच पाहिजेत. पण त्यांच्यामध्ये उभे राहणारे गळे तालमीतूनच तयार होतात, आणि तालमीच्या जागेसाठी निधी मागणारे मात्र फार थोडे असतात.

भालचंद्र पेंढारकर ११ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबईत गेले, वयाची त्र्याण्णव वर्षे पुरी करून. २००८ साली झालेली मंडळीची शंभरी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मुलगा ज्ञानेश पेंढारकर त्यांच्याबरोबर रंगमंचावर गात मोठा झाला होता; ललितकलादर्शाचे नाव आणि त्यातली पदे पुढे त्यांच्याकडे आली. चौथ्या हाती आलेल्या या मंडळीला आता फिरते बिऱ्हाड नाही, रोजचा खेळ नाही. जुन्या नाटकांचे प्रयोग होतात, पदांच्या मैफली होतात, आणि तरुण गायक-नट त्यांच्यासाठी तालमीला बसतात. या तरुणांसाठी एखाद्या नव्या लेखकाने लिहिलेले नवे संगीत नाटक ललितकलादर्शाच्या नावाने लागले, तर मंडळीचे चौथे आयुष्य सुरू होईल. १९२२, १९५७ आणि १९६० या तीन सालांनी त्याची रीत घालून दिलेलीच आहे.